आंब्याच्या झाडाला वळसा म्हणजे किती मीटर?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची मिरजेची. एकोणीस वर्षं झाली, नॉर्वेत ट्रॉन्हेमला असते. एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तुमचा पेपर रोज रात्री मोबाइलवर वाचते. आधी जिल्ह्याचं पान आणि मग अग्रलेख, हा क्रम वडिलांचा, तोच मी पुढे चालवला आहे. आजवर कधी पत्र लिहिलं नव्हतं. या डिसेंबरात माहेरी आले होते, तेव्हा मुलांची एक स्पर्धा पाहिली आणि दोन दिवसांनी तिची बातमी तुमच्याच पानावर वाचली. तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय.

भाऊ फोनवरच म्हणाला होता, "ताई, रविवारी लवकर उठायचंय हं, धाकटीची बायथलॉन आहे." धाकटी म्हणजे त्याची लहान मुलगी. मी चमकलेच. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, आणि गेले पाच हिवाळे माझे शनिवार-रविवार बायथलॉनच्या मैदानावर बर्फात उभं राहण्यात गेलेत. पण मिरजेला बर्फ कुठला? भाऊ हसायला लागला. "अगं, इथलं बायथलॉन म्हणजे पळायचं, पोहायचं, परत पळायचं." म्हटलं, बरं. कृष्णेच्या घाटावर पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेली बाई मी, मला त्यातही आनंदच.

मुलांना साडेसहाला बोलावलं होतं. पोहण्याच्या कपड्यांवर स्वेटर, वरून आईची शाल, अशा अवतारात दीडएकशे पोरं गार फरशीवर बसलेली. धाकटीच्या गटाचा नंबर लागला दहा वाजून वीस मिनिटांनी. तोवर तिचा बिस्किटांचा पुडा आणि उत्साह दोन्ही संपले होते. अंतर किती ते माइकवरून कळलं: "बारा वर्षांखालच्या मुलींनी समोरच्या आंब्याच्या झाडाला वळसा घालून यायचं, मग पोहायचं, मग परत आंब्याच्या झाडाला वळसा."

आंब्याची झाडं दोन होती.

वळणावर जे सर उभे होते ते नेमके तेव्हा चहाला गेलेले. त्यांना मी बोल लावत नाही. पहाटेपासून ते एकटे उभे होते आणि त्यांच्या जागी उभं राहायला दुसरं कुणी दिलेलंच नव्हतं. धाकटी लांबच्या झाडाला वळसा घालून आली. तिच्या पुढच्या दोघी जवळच्या झाडावरूनच फिरल्या. मागच्या काही इकडून, काही तिकडून. पाण्यात तिने बरंच अंतर भरून काढलं आणि शेवटच्या रेषेवर ती तिसरी आली. मी पाहिलं, तिच्या बापाच्या मोबाइलमध्येही ते आहे. माइकवरून तिचं नाव पुकारलं पाचव्या नंबरावर. टेबलाशी जाऊन विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, आता यादी वर गेली. लेखी द्या ऑफिसला." ऑफिस कुठलं, कधीपर्यंत द्यायचं, कुणाच्या नावाने, काही नाही. माणसं उद्धट नव्हती, उलट चहा घ्या म्हणाली. फक्त त्या टेबलावर एकाकडेही नियमांचा कागद नव्हता.

दोन दिवसांनी तुमच्याकडे बातमी आली. 'अटीतटीच्या लढतीत' विजयी झालेल्यांची नावं, आणि उपस्थित मान्यवरांची सात नावं. मी मोजली. अंतर मात्र कुठेच छापलं नव्हतं. तुमचा बातमीदार तरी ते कुठून आणणार म्हणा.

आता ट्रॉन्हेमकडचं सांगते. 'आमच्या तिकडे असं असतं' हे वाक्य मलाही कानाला सहन होत नाही, परदेशातली माणसं ते फार बोलतात. पण ज्या गोष्टींबद्दल मी लिहिणार आहे त्यांना बर्फ लागत नाही आणि पैसाही फारसा लागत नाही, म्हणून धीर करते.

खरं बायथलॉन म्हणजे पायात लांब स्की घालून बर्फावर किलोमीटरच्या किलोमीटर पळायचं, मध्येच थांबून रायफलीने नेम मारायचे, परत पळायचं. गोळी पॉइंट टू टूची, म्हणजे .२२ इंच जाडीची, अंतर ५० मीटर, समोर ओळीत पाच काळी निशाणं. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळेंनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य आणलं, ते ह्याच अंतरावरून आणि ह्याच जातीच्या गोळीने. त्यांचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम साडेदहा मिलिमीटरचं असतं. बायथलॉनचं निशाण पडून मारताना ४५ मिलिमीटर आणि उभ्याने मारताना ११५. ऐकायला सोपं वाटतं. पण नेमबाज श्वास, नाडी सगळं शांत करून बसतो, आणि हे पोरगं चढ चढून धापा टाकत चटईवर येऊन पडतं. रायफलीचं टोक छातीच्या ठोक्यागणिक वरखाली होताना मागे उभं राहूनही दिसतं.

नेम चुकला की शिक्षा. स्प्रिंट प्रकारात प्रत्येक चुकलेल्या निशाणामागे एक दंडफेरी, १५० मीटरची, रेंजच्या शेजारीच आखलेली. 'वैयक्तिक' नावाच्या जुन्या प्रकारात फेरी नसते, थेट एक मिनिट वेळ वाढतो. दंडफेरी मारायची राहिली तर फेरीमागे दोन मिनिटं. वरच्या पातळीवर साधारण अर्ध्या मिनिटात संपणारी फेरी विसरली तर दोन मिनिटं, म्हणजे विसरणं परवडत नाही. हे आकडे जागतिक स्पर्धेतले. मुलांना अंतरं कमी असतात, पण तत्त्व तेच.

आमच्याकडे 'क्रेट्सरेन' म्हणून असते ती तुमच्या जिल्हा स्पर्धेच्या तोडीची. क्रेट्स म्हणजे विभाग, रेन म्हणजे शर्यत. ती भरवणारं सरकारी खातं कुणी नसतं. पाळीपाळीने गावोगावचे क्लब भरवतात, आणि क्लब म्हणजे आईबाप. 'डुग्नाड' नावाचा इथे एक शब्द आहे. मला तो समजावून सांगायला आमच्या आज्याचा शब्द सापडला: इर्जिक. सगळ्यांनी मिळून एकाचं शेत नांगरायचं, उद्या दुसऱ्याचं. तसंच. कुणी मार्ग आखतं, कुणी गाड्या लावून घेतं, कुणी किऑस्कमध्ये वाफेल भाजतं (त्यावर तपकिरी रंगाचं गोडसर चीज घालतात, मला ते खायला सात वर्षं लागली). मी दंडफेऱ्या मोजते.

स्पर्धेच्या बऱ्याच आधी दोन पानांचं निमंत्रणपत्र येतं. दर शर्यतीला तेच रूप, फक्त तपशील बदललेले. कुठल्या वयोगटाला किती किलोमीटर, कितीदा नेम, पडून की उभ्याने, पहिला स्पर्धक किती वाजता सुटणार, नेम जुळवायला रेंज कधी उघडणार आणि कधी बंद होणार, नावं द्यायची शेवटची तारीख, प्रमुख कोण, रेंज कुणाच्या ताब्यात, आणि 'टीडी' कोण. टीडी म्हणजे बाहेरून नेमलेला तांत्रिक प्रतिनिधी. तो आमच्या क्लबचा नसतो, म्हणून आमच्या पोरांची बाजू घेण्याचा प्रश्न येत नाही. आदल्या रात्री सुटण्याची यादी लागते: कुठला नंबर किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी. माझा मुलगा ११ वाजून १४ मिनिटं ३० सेकंदांनी सुटणार असेल तर आम्ही घरून निघायची वेळ त्यावरून मागे मोजत ठरवतो. कुणाचंही पोर चार तास फरशीवर बसत नाही. तशी ट्रॉन्हेमला डिसेंबरात बसायची सोयही नाही म्हणा, दहाला उजाडतं आणि अडीचला मावळतं.

सुटण्यापूर्वी क्लबप्रमुखांची एक छोटी सभा असते. तिथे मार्गाचा नकाशा भिंतीवर लावून वळणं बोटाने दाखवतात. आज वारा कसा, कुठे उतार निसरडा झालाय, कुठल्या गटाने कुठल्या पाटीवर वळायचं. पाट्या रंगीत, त्यांवर अक्षरं. जिथे दोन वाटा फुटतात तिथे आडव्या फळ्या टाकून चुकीची वाट बंद केलेली. आंब्याची दोन झाडं इथेही असतात, आमच्याकडे ती स्प्रूसची असतात इतकंच. पण ज्याला वळसा घालायचा नाही त्याच्याकडे जाताच येत नाही.

रायफलीचे नियम सर्वांत कडक. नळीचं तोंड नेहमी निशाणाकडे किंवा आकाशाकडे. गोळ्यांचं मॅगझिन चटईवर पोचल्यावरच लावायचं. मोठी मुलं रायफल पाठीवर घेऊन पळतात, ती साडेतीन किलोपेक्षा हलकी चालत नाही, घोड्याचा ताण निदान अर्धा किलो हवा, आणि हे सुटण्यापूर्वी तपासतात. शर्यत संपली की एक जण प्रत्येकाची रायफल उघडून आत गोळी राहिली नाही ना बघतो, पहिला आलेला असो की शेवटचा. लहान गटातली पोरं रायफल पाठीवर घेतच नाहीत, ती रेंजवरच ठेवलेली असते. सर्वांत लहानांना नळीखाली आधारही मिळतो. एकदा एका पोराने खटका अडकला म्हणून रायफल हातात धरूनच मागे आईकडे वळायला सुरुवात केली. रेंजप्रमुख एरवी इतका मवाळ माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज मी पार्किंगपर्यंत ऐकला. त्या पोराची शर्यत तिथे संपली आणि कुणीही, त्याच्या आईनेही, हूं की चूं केलं नाही.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच.

मोजणीची पद्धत अशी. रेंजवर प्रत्येक दोन-तीन चटयांमागे एक माणूस दुर्बीण आणि पाटी घेऊन उभा. पाटीवर कागद, कागदावर प्रत्येक नंबरापुढे पाच गोल. निशाण लागलं की काळ्याचं पांढरं होतं. न लागलेल्या गोलावर काट मारायची. पोरगं उठून गेलं की दोरी ओढून निशाणं पुन्हा उभी करायची. जागतिक स्पर्धेत हे सगळं इलेक्ट्रॉनिक असतं, आमच्याकडे दोरी. पुढे दंडफेरीच्या तोंडाशी आम्ही दोघं, एकमेकांपासून दहा पावलांवर, आपापल्या कागदावर नंबर आणि फेरीगणिक रेघ. एकमेकांचं बघायचं नाही. लिहायला पेन्सिल, कारण थंडीत बॉलपेनची शाई उतरत नाही. हातमोजा काढून लिहावं लागतं, म्हणून माझ्या उजव्या मोज्याची दोन बोटं मी कापून टाकली आहेत. शेवटी रेंजचा कागद आणि आमचे दोन कागद शेजारी ठेवून ताळा बघतात. जितक्या काटा, तितक्या रेघा.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत एका शनिवारी असा भुरभुर बर्फ पडत होता की समोरच्याचा नंबर ओला होऊन चिकटलेला. ४६ आणि ४९ एकापाठोपाठ आले. ४६चे दोन नेम चुकले होते, ४९चे तीन. मी ४६ची एक रेघ ४९पुढे ओढली. लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिवसभर पेशी मोजणारी बाई मी, मोजणं हाच माझा धंदा, आणि मला कळलंही नाही.

तात्पुरता निकाल भिंतीवर लागला तेव्हा ४६ नंबरच्या मुलाला दोन मिनिटं लागलेली होती आणि तो दुसऱ्याचा अकरावा झाला होता. तक्रारीला नियमाने पंधरा मिनिटं मिळतात, निकाल भिंतीवर लागल्या क्षणापासून. तक्रार लेखी हवी. जागतिक स्पर्धेत सोबत पैसेही भरावे लागतात, तक्रार खरी ठरली तर परत मिळतात, म्हणजे उगीच कुणी येत नाही. त्या मुलाचा प्रशिक्षक सहाव्या मिनिटाला आला. आरडाओरडा नाही, एक कागद, त्यावर तीन ओळी. रेंजवरच्या लाकडी खोलीत टीडी आणि ज्युरीतले दोघं बसले, तिघांचे कागद टेबलावर मांडले. माझ्या कागदावर ४९पुढे चार रेघा होत्या आणि रेंजच्या कागदावर त्याच्या काटा तीन. मारायची नसलेली फेरी हौसेने कोण मारील? माझ्याबरोबरच्या माणसाच्या कागदावर ४६ला दोन, ४९ला तीन, बरोबर. टीडीने मला विचारलं, "तुला तुझ्या कागदाची खात्री आहे?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "धन्यवाद." बास. नऊ मिनिटांत सुधारलेला निकाल भिंतीवर. पोरगं परत दुसरं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण त्याबद्दल इथे नको. पुढच्या शनिवारी मला परत त्याच जागी उभं केलं.

मिरजेच्या टेबलाशी उभी असताना मला हेच आठवत होतं. तिथे ज्यांनी नंबर लिहिले त्यांची चूक माझ्याहून मोठी नव्हती. पण तिथे दुसरा कागद नव्हता, पंधरा मिनिटं नव्हती, भिंतीवर लावलेला निकाल नव्हता, 'नाही' म्हणायची सोय नव्हती. मग चुकलेल्या माणसाला एकच मार्ग उरतो, यादी वर गेली म्हणायचं.

नॉर्वेचं सगळं छान आहे असं मात्र समजू नका. नवी रायफल घ्यायची तर आपल्याकडे एक चांगली मोटारसायकल येईल इतके पैसे लागतात. क्लब वापरायला देतो म्हणून आमचं भागलं. स्कीला लावायच्या मेणाचं काही पालकांना इतकं वेड की गाडीच्या मागे अख्खी कार्यशाळा थाटलेली. फ्लोरिन असलेल्या मेणावर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०२३-२४च्या हंगामापासून बंदी आली तेव्हा काहींचे चेहरे सुतक असल्यासारखे झाले होते. आणि लहान मुलांच्या नंबरांवरून इथेही पालक भांडतात, फक्त उलट्या बाजूने. इथल्या क्रीडा महासंघाची मुलांसाठी वेगळी नियमावली आहे, १९८७ साली पहिल्यांदा मंजूर झालेली. तिच्याप्रमाणे ज्या वर्षी मूल नऊ वर्षांचं होतं त्या वर्षापासून ते आपल्या भागातल्या दुसऱ्या गावांच्या स्पर्धांना जाऊ शकतं. अकरा पूर्ण होणार ते वर्ष लागेपर्यंत निकालात नंबर लावायचे नाहीत. आणि बक्षीस द्यायचं तर सगळ्यांना द्यायचं. मी आपली पहिला नंबर, दुसरा नंबर ह्यातच वाढलेली. मुलगा नऊ वर्षांचा असताना पहिल्या शर्यतीहून पदक घेऊन आला, मी विचारलं कितवा आलास, तो म्हणाला, "माहीत नाही, पण दोन पडली." दोन निशाणं. मला त्या वेळी हसू आलं आणि थोडा रागही. अजूनही मला तो नियम पूर्ण पटला आहे असं नाही. पण बारा वर्षांखालच्या गटात पाचवी की तिसरी यावरून धाकटी दोन दिवस जेवली नाही, तेव्हा मी वहिनीला त्या नियमाबद्दल सांगत होते, हेही खरं.

नावाचा घोळही एकदा निस्तरायला हवा. पळणं-पोहणं-पळणं या प्रकाराचं नाव 'बायथल'. तो मॉडर्न पेंटॅथलॉनच्या जागतिक संघटनेचा, यूआयपीएमचा प्रकार. 'बायथलॉन' म्हणजे स्की आणि रायफल, त्याची संघटना आयबीयू. गंमत अशी की १९९३ साली आयबीयू स्थापन होईपर्यंत दोन्ही कारभार एकाच घरात होते. म्हणजे ही चुलत भावंडं आहेत, नावात गोंधळ होणारच. पण बातमीत 'बायथलॉन' वाचून एखादं पोर इंटरनेटवर नियम शोधायला गेलं तर त्याला रायफलीचं वजन सापडेल, पोहण्याचं अंतर सापडणार नाही.

बायथलॉन हा मुळात सैनिकांचा खेळ, हेही जाता जाता सांगते. १९२४च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो 'मिलिटरी पेट्रोल' म्हणून होता, १९६० साली आजच्या नावाने आला, बायकांना १९९२ची वाट बघावी लागली. सुरुवातीला युद्धातल्या मोठ्या रायफली वापरत. १९७८ साली छोटी पॉइंट टू टू आली, ५० मीटर अंतर ठरलं, आणि मग कुठे गावाशेजारच्या टेकडीआड रेंज बांधणं आणि पोरांच्या हातात हा खेळ देणं शक्य झालं. एक नियम बदलला आणि खेळ छावणीतून गावात आला.

म्हणून माझ्या मनात एक वेडं खूळ आहे. उन्हाळ्यात इथली मुलं चाकांच्या स्कीवर किंवा नुसती पळत बायथलॉन खेळतातच. सांगली-कोल्हापूरकडे दहा मीटरच्या एअर रायफल रेंज आहेत, पळणाऱ्या पोरांना तर तोटाच नाही. चारशे मीटर पळा, पाच नेम मारा, चुकला की मैदानात एक छोटी फेरी. खरी बंदूक नको असेल तर यूआयपीएमचा 'लेझर रन' आहेच, त्यात गोळीच नसते. जत्रेत बंदुकीने फुगे फोडायला रांग लावणाऱ्या आपल्या पोरांना हा खेळ शिकवावा लागणार नाही. पण आधी झाडाला वळसा किती मीटरचा ते ठरू दे.

तुमच्याकडे मागणं एवढंच. शाळा, संस्था तुमच्याकडे स्पर्धेची बातमी पाठवतात, तेव्हा त्यांच्याकडून चार गोष्टी मागून घ्या आणि त्या आल्याशिवाय छापू नका: गटवार अंतर, सुटण्याच्या वेळा आदल्या दिवशी जाहीर झाल्या का, तक्रार ऐकणारे पंच कोण होते, आणि निकाल कुठे लावला होता. मान्यवरांच्या सात नावांपैकी तीन कमी केली तर जागा सहज निघेल. हे पत्र वाचणाऱ्या क्रीडाशिक्षकांपैकी कुणाला निमंत्रणपत्राचा आमचा दोन पानी नमुना हवा असेल तर मी मराठीत करून ठेवला आहे. तुमच्या कार्यालयात पाठवते, मागेल त्याला द्या. कागदावरचे पाच गोलही त्यात आहेत, पोहण्याच्या फेऱ्या मोजायला तसेच चालतील.

आपली नियमित वाचक,
ट्रॉन्हेम, नॉर्वे (माहेर मिरज)

ता. क. पत्र लिहून ठेवलं आणि भावाचा फोन आला. धाकटीचं प्रमाणपत्र शाळेत पोचलं. छापील 'पाचवा' खोडून वर निळ्या पेनाने 'तिसरा' लिहिलंय, खोडलेल्यावर सही कुणाचीच नाही, आणि आडनाव शेजारच्या मुलीचं आहे. ती ते लॅमिनेट करा म्हणतेय.